करारनाम्याचं पाचवं पान

पुण्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार चार पानांचा असतो. निदान मी राहिलो त्या घरांचे तरी तसेच होते. भिंतीला खिळे ठोकू नयेत, मित्रांना मुक्कामाला आणू नये, गाडी मालकाच्या गाडीला टेकवू नये, आणि हे सगळं पाळूनही मालकाच्या मनात आलं तर जागा सोडावी. खडकीच्या घराच्या कराराला मात्र पाचवं पान होतं, आणि ते हातानं लिहिलेलं होतं.

मी तेव्हा अकोल्याहून नवा नवा आलेलो. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. मूळचाच खुसपट काढणारा माणूस, त्यात तेच काम मिळालं. त्यामुळे कराराची चारही पानं मी नीट वाचली आणि पाचव्या पानावर अडखळलो. वर लिहिलं होतं, ‘खालीलपैकी काही दिसल्यास भाडेकरूने गप्प बसू नये.’ आणि मग कलमं.

कलम एक, घरमालक पहाटे पाचच्या आत गाऊ लागले. कलम दोन, एका दिवसात तीनपेक्षा जास्त शर्टांना इस्त्री केली. कलम तीन, कोणाचंही लग्न जमवायला निघाले. कलम चार, कुठलीही वस्तू डझनाने आणली. कलम पाच, भाडेकरू आपल्याला मुलासारखा आहे असे म्हणाले. इथे मला हसू फुटलं. पुढची कलमं उलट्या बाजूची होती. रेडिओ लावला नाही, अंघोळ दुपारवर गेली, कुठल्याही प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर तीनदा दिलं. अकरावं कलम असं की, वरीलपैकी तीन गोष्टी एका दिवसात दिसल्या तर खालील दोन नंबरांवर फोन करावा. एक नंबर मुलीचा, दुसरा डॉक्टरांचा.

समोर खुर्चीत घरमालक बसले होते, साठीचे, उंच, इस्त्रीच्या पायजम्यातले; सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. ते अजिबात हसत नव्हते.

“हसून झालं असेल तर सही करा,” ते म्हणाले.

“पण चाचा, हे काहून?”

“मला एक आजार आहे. बायपोलर म्हणतात. कधी मन फार वर जातं, कधी फार खाली. औषधानं मधे राहतं. मधे आहे की नाही, हे मात्र मला सगळ्यात शेवटी कळतं. तीस वर्षं माझी बायको बघायची. मागच्या साली ती गेली. तिला काय काय दिसायचं ते आठवून आठवून हे पान लिहिलंय. नवरा म्हणून कोणाला नेमता येत नाही, बायको म्हणूनही येत नाही. भाडेकरू नेमता येतो.”

मी सही केली. त्या सहीला आता आठ वर्षं झाली आणि त्या घरानंतर मी दोन घरं बदलली. पण त्या पानाची माझी प्रत अजून माझ्या कागदपत्रांच्या फायलीत, आधार कार्डाच्या मागे आहे.

चाचांची नोकरी खडकीलाच, दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. सुरुवातीची वर्षं स्फोटक भुकटी भरायच्या खात्यात. तिथे आत जाताना खिसे उलटे करून दाखवायचे, काडेपेटी बाहेर ठेवायची आणि काही झालं तरी धावायचं नाही. आजार कळल्यावर त्यांना पेट्या बांधायच्या खात्यात टाकलं. पण पहिल्या खात्याची शिस्त त्यांनी घरी आणली. दारातून आत आले की खिशातलं सगळं काढून स्टुलावर मांडायचे. किल्ल्या, रुमाल, चष्म्याचं घर, चिठ्ठ्या. कुणाच्या घरी गेले तरी हेच. एकदा एका लग्नघरी यजमानांनी आहेर समजून त्यांची किल्ली उचलली होती.

पुणेकर दुसऱ्यांसाठी पाट्या लावतात. चाचांच्या सगळ्या पाट्या घराच्या आतल्या बाजूला आणि स्वतःसाठी. बाहेर पडायच्या दारावर आतून ‘धावू नये’. फोनशेजारी ‘हा फोन उद्या सकाळीही चालू असतो’. कपाटाच्या दारात ‘एक आहे ना? मग झालं’. आणि आरशाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘आज आपण जरा जास्तच हुशार दिसता. डॉक्टरांना विचारून घ्यावे.’

ही शेवटची पाटी मला इतकी आवडली की तिचा फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. टीमच्या मॅनेजरनं तो पर्सनली घेतला.

त्यांची गोळी लिथियमची. ते सांगायचे, “ही पण मिठाचीच जात. घरातलं मीठ कमीजास्त झालं की रुसते.” म्हणून भाजीत मीठ रोज एकाच चमच्यानं, सपाट करून. पाण्याच्या दोन बाटल्या सकाळी भरून ठेवायचे आणि झोपण्याआधी त्या रिकाम्या झाल्याच पाहिजेत. माझी आई अकोल्याहून आली तेव्हा तिनं प्रेमानं वर थोडं मीठ भुरभुरलं, तर चाचांनी अदबीनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, “वहिनी, जेवण फर्मास आहे, पण माझ्या डॉक्टरीणबाईंना तुमच्याहून जास्त घाबरतो मी.” आई घरी जाईपर्यंत त्यांच्यावर खूश होती.

रमजानमध्ये त्यांना रोजा ठेवायला डॉक्टरांनीही मनाई केली होती आणि मौलानांनीही. पाणी थांबवलं तर औषध अंगात साचतं. पहिली काही वर्षं त्यांना याची लाज वाटायची; दार लावून पाणी प्यायचे. मग बायकोनं त्यांच्या हातात सुरी दिली आणि सांगितलं, तुम्ही फळं कापा. तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या इफ्तारींची फळं चाचांची. दुपारभर पपया, कलिंगडं, केळी. एकेक फोड सारखी. तपासायला मी होतोच.

गोळीमुळे त्यांचा हात किंचित थरथरायचा. म्हणून चहा नेहमी अर्धा कप, आणि तो दोनदा. मलाही त्यांनी तसाच दिला. आज मी कुठेही अर्धा कपच मागतो आणि दुसरा अर्धा मागताना लोक माझ्याकडे विचित्र बघतात.

आणि रोज सकाळी सात वाजता जिन्याखालून हाक यायची. “सात तास दहा मिनिटं.” कधी “पावणेसात.” ही त्यांची आदल्या रात्रीची झोप. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली तो आकडा ते लिहायचे. माझी शिफ्ट उशिराची, मी रात्री दीडला येऊन सकाळी दहापर्यंत झोपणारा माणूस. पहिला महिना मी उशी कानावर घेतली. नंतर त्या हाकेशिवाय कूस बदलता येईना. पुढे पुढे तर ती हाक ऐकूही यायची नाही, इतकी सवयीची झाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मला ते भोवलं.

बसची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, भेंडी चिरता चिरता.

मुलगी दहावीच्या सहामाहीत शाळेत पहिली आली. सत्कार होता. चाचांनी तेव्हा ‘मला आता बरं आहे’ म्हणून गोळी बंद केली होती. सत्कार संपता संपता ते स्टेजवर गेले, माइक घेतला आणि पाऊण तास बोलले. शेवटी जाहीर केलं की उद्या सकाळी सगळ्या वर्गाला मी महाबळेश्वरला नेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाचा आनंद आहे, बोलतात असं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी तीन बस उभ्या,” चाचा म्हणाले. “मीच आणल्या होत्या. आणि पोरीही आलेल्या, डबे घेऊन, नवे कपडे घालून. मोठ्या बाईंनी सगळ्यांना परत पाठवलं. मी बसच्या टपावर चढून भाषण करत होतो. मला उतरवायला माझी पोरगी आली. पंधरा वर्षांची.”

भेंडी चिरायची थांबली नव्हती. “त्यानंतर पंधरा दिवस ती शाळेत गेली नाही, आणि मी दीड महिना दवाखान्यात होतो. तेव्हापासून एक गोळी चुकवली नाही. पण तिनंही मला कुठल्या कार्यक्रमाला नेलं नाही. कॉलेजच्या नाही, नोकरीच्या नाही. चिडून नाही हं. काळजीनं.”

मला ते ऐकवलं नाही. मी उगाच कांदा चिरायला घेतला.

खाली गेलेलं मन मी एकदाच पाहिलं. एका डिसेंबरात रेडिओ बंद झाला. दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी अंघोळही दुपारवर गेली, ‘काही नाही’ तीनदा झालं आणि मी दोन्ही नंबर फिरवले. औषध बदललं, महिना गेला. त्या महिन्यात चाचा रोज एकच काम करायचे, एका रुमालाला इस्त्री. मी ऑफिसला जाताना तो रुमाल न्यायचो. मला रुमाल लागत नव्हता, पण नेला नसता तर दुसऱ्या दिवशी इस्त्रीला काय राहिलं असतं? एका दुपारी मी आंघोळीला निघालो तर खालून बातम्या ऐकू आल्या. मी टॉवेल गुंडाळलेलाच जिन्यात बसलो आणि हवामानाचा अंदाज शेवटपर्यंत ऐकला. इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता.

मग आपाचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न ठरलं. ती नाशिकला शाळेत शिकवायची, मुलगा तिथलाच. आपा बोलायला शांत, पण तिनं एकदा पाहिलं की समोरचा माणूस सरळ बसायचा. निकाह आणि जेवण विश्रांतवाडीच्या हॉलमध्ये, संध्याकाळी वरात बसनं नाशिकला. सगळं तिनंच ठरवलं. चाचांनी विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, “अब्बा, तुम्ही फक्त आनंदात बसा.”

“दोन शब्द बोलू का लोकांशी?”

आपानं पाण्याची बाटली अजून भरलेली आहे, हे तेवढं दाखवून दिलं. त्या दोघांच्या मधे अजून तीन बस उभ्या होत्या.

लग्नाला दहा दिवस राहिले असताना पहाटे पावणेपाचला मला जाग आली. खाली चाचा गात होते. जुनं हिंदी गाणं, चांगलं खुल्या आवाजात. कलम एक. मी खाली गेलो तर इस्त्रीच्या टेबलावर पाच शर्ट ओळीनं. कलम दोन. मला पाहून ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, “या. हिचं झालं, आता तुमचं बघू. माझ्या मित्राचे साडू अकोल्याचेच आहेत, त्यांच्या नात्यात एक मुलगी आहे.” कलम तीन.

चुका शोधणं हा माझा धंदा, आणि मला एका झटक्यात तीन सापडल्या होत्या. मी वर जाऊन आपाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “साडेसहाची बस पकडते. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या. आणि भाऊ, तुमचे उपकार.” मग डॉक्टरांना लावला. बारा वाजता या म्हणाल्या.

चाचांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश उतरलं. मी केलेलं आतापर्यंतचं सगळ्यात वाईट काम तेच. ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “तीन झाली?”

“तीन झाली.”

“मग जायलाच हवं. करार आहे.” त्यांनी पाचातला एक शर्ट घातला, भिंतीवरून काहीतरी काढून गुंडाळी करून काखेत धरलं आणि निघाले. दारावरची ‘धावू नये’ वाचून निघाले, नेहमीसारखे.

डॉक्टरांचा दवाखाना बुधवार पेठेत, वायरी आणि लाइटच्या माळांच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टर सत्तरीच्या, अस्सल पुणेकर बाई. आपा थेट तिथेच आली, बसमधल्या चुरगळलेल्या ओढणीनं. चाचांनी सवयीप्रमाणे खिसे रिकामे करून त्यांच्या टेबलावर मांडले. मी तिन्ही कलमं पाठ असल्यासारखी सांगितली. डॉक्टर ऐकत होत्या.

“झोप किती?” त्यांनी मला विचारलं.

झोप मी बघितलीच नव्हती. रोज सकाळी ती मला हाक मारून सांगितली जात होती.

चाचांनी काखेतली गुंडाळी उलगडली. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. मागचे तीन आठवडे तारखांखाली ओळीनं लिहिलं होतं, सात, सव्वासात, सात दहा, साडेसात.

“नऊला झोपतो मी हल्ली,” ते हळू म्हणाले. “लग्नाच्या दिवशी दमायला नको म्हणून सवय करतोय. नऊला झोपलं की साडेचारला जाग येते.”

“आणि पाच शर्ट?”

“लग्नात कुठला घालायचा ते ठरत नाही.”

डॉक्टरांनी गेल्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. जेवण विचारलं, गोळ्या विचारल्या, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायला लावलं. मग चष्मा काढला.

“पातळी ठीक. झोप उत्तम. बोलणं नेहमीइतकंच तिरकस. यांना काहीही झालेलं नाही.”

“मग हे काय आहे?” आपानं विचारलं.

“आनंद. मुलीचं लग्न आहे, बापाला होतो कधी कधी. यावर माझ्याकडे औषध नाही. असतं तरी दिलं नसतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “फोन केलात हे बरोबरच केलंत. पुढच्या वेळी कॅलेंडर बघून करा. वाचता येतं ना?”

खाली उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. मी चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाही. पान चुकलं. बाराशे गोष्टी आठवल्या मला, आणि साधा आनंद कुठे लिहायचा तेच राहिलं.”

घरी येऊन त्यांनी पाचवं पान काढलं, त्यांची प्रत आणि माझी, आणि थरथरत्या हातानं सावकाश लिहिलं. ‘कलम बारा. घरमालकाला आनंद होऊ शकतो. शंका आल्यास आधी झोप पाहावी. झोप पुरेशी असल्यास आनंदात सामील व्हावे.’

मी सही केली. मग आपानं माझ्या हातातून पेन घेतलं. तिनं ते कलम दोनदा वाचलं आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. आणि कागदावरून मान वर न करता म्हणाली, “दोन शब्द म्हणजे किती, अब्बा?”

“दोनच.”

“मी मोजणार आहे.”

निकाह झाला, बिर्याणी झाली, आणि पाचच्या सुमाराला आपानं स्वतः माइक चाचांच्या हातात दिला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. बोलणं लांबलं तर मी हात वर करायचा, असं ठरलेलं. हॉलमध्ये खडकीची निम्मी गल्ली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तीन बस माहीत होत्या. माझा हात मांडीखाली दाबून धरलेला.

चाचांनी माइक दोन्ही हातांनी धरला. “मी एकदा हिच्या शाळेत फार बोललो होतो,” ते म्हणाले. “आजचे शब्द तेव्हाच बोलून झालेत. सगळ्यांनी जेवून जा.”

आणि माइक परत केला. कोणाला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. कडेवर मूल, अंगावर जरीची साडी, आपाच्या वर्गातली.

“काका,” ती मोठ्यानं म्हणाली, “महाबळेश्वरची बस कधी येणार? मी डबा आणलाय.”

मी आपाकडे पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा पंधरा वर्षांच्या मुलीचा झाला. आणि मग ती हसायला लागली. नवरी मुलीनं हसू नये इतकी, मेंदीचे हात तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिच्याबरोबर सगळा हॉल हसला. चाचा आधी घाबरले, मग तेही हसले. मी हात वर करायचं विसरलो, आणि करायचं कारणही नव्हतं.

“आहे ना बस,” आपा डोळे पुसत म्हणाली. “बाहेर उभी आहे. चला.”

वरातीची बस खडकीवरूनच नाशिककडे जाणार होती. सातला रुखसतीची, म्हणजे पाठवणीची वेळ झाली आणि आपा बसच्या दारात उभी राहून वर्गातल्या मैत्रिणींना खडकीपर्यंत म्हणून आत घालायला लागली, मुलांसकट. सहा जणी चढल्या. नवऱ्याकडची मंडळी सरकून सरकून बसली. चाचांना तिनं पहिल्या सीटवर, खिडकीशी बसवलं. मी दारात लटकलो. सबंध रस्ताभर बायका गात होत्या, चाचा फर्माईश करत होते, आणि कोणीही कुठलंही कलम मोजत नव्हतं.

लोक मुलीला निरोप देतात. आमच्याकडे मुलीनं बापाला घरी सोडलं. फाटकाशी बस थांबली. आपा शालू सावरत खाली उतरली, तिनं त्यांच्या दोन्ही बाटल्या हलवून पाहिल्या, त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, “आठ वाजत आलेत, अब्बा. नऊला झोपायचंय.” ते “हो हो” म्हणाले आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिले. दोघंही रडत होते. मीही रडत होतो, पण माझ्याकडे इस्त्रीचा रुमाल होता.

सकाळी साडेसहापासून मी अंथरुणात बसून होतो. सात वाजले. सात पाच झाले. मग जिन्याखालून हाक आली.

“सात तास वीस मिनिटं.”

मी श्वास सोडला. पण चाचा गेले नाहीत. जिन्याखाली त्यांची पावलं तिथेच थांबलेली कळत होती.

“आणि ऐक,” ते म्हणाले. तीन वर्षांत मला पहिल्यांदाच एकेरीत. “तू मला मुलासारखा आहेस.”

मी दार उघडून जिन्यात आलो. ते खाली अर्धा कप घेऊन उभे होते, वर बघत.

“कलम पाच,” मी म्हणालो.

“माहीत आहे. म्हणून तर आधी झोप सांगितली.”

मी खाली उतरलो आणि कलम बाराप्रमाणे सामील झालो.